सातत्य-आराखड्यात जे लिहिलेलं नसतं

मंडळी, नमस्कार.

विषयाचं नाव जड आहे: संस्थेच्या सातत्य-आराखड्याचं ऑन्टॉलॉजीच्या मदतीनं मूल्यमापन. म्हणून आधी एक घटना सांगतो. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या मासिक करारांची मुदत संपायची होती, म्हणजे बाजारात ऐन धामधूम. सकाळी अकरा चाळीसला मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरचे व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालू ठेवला गेला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अडकले, त्यांतल्या अनेकांच्या ब्रोकरांनी ते बीएसई या दुसऱ्या शेअर बाजारावर जाऊन निकाली काढले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सौदे जुळवणारी यंत्रणा बंद पडलीच नव्हती. बंद पडली ती क्लिअरिंग कॉर्पोरेशनची, म्हणजे सौद्यांची देवाणघेवाण पुरी करून देणाऱ्या संस्थेची, जोखीम मोजणारी ऑनलाइन यंत्रणा, आणि जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवता येत नाहीत. ती का बंद पडली? मुख्य डेटा सेंटर आणि त्याच्या जवळचं पर्यायी केंद्र यांच्यातला संपर्क बिघडला. तसं झालं तरी मुख्य केंद्रातली स्टोरेज यंत्रणा आपल्या पायावर चालू राहायला हवी होती. ती राहिली नाही. मग संपर्क का बिघडला? दोन केंद्रांमध्ये दूरसंचार लिंक अनेक होत्या, आणि त्या मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, एकीचं काही बिघडलं तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही कंपन्यांच्या लिंक एकाच वेळी गडबडल्या. एक्स्चेंजनं पुढे महिन्याभरात जो खुलासा दिला, त्यात मुख्य कारण होतं दोन जागांमधल्या रस्त्यालगत चाललेलं खोदकाम आणि बांधकाम.

कागदावर दोन कंपन्या होत्या. जमिनीवर रस्ता एक होता.

आज मी ज्याबद्दल बोलणार आहे ते सगळं या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. संस्थेचं काम संकटातही चालू राहावं म्हणून आपण जे आराखडे करतो, त्यांत वस्तू लिहिलेल्या असतात, माणसं लिहिलेली असतात, वेळा लिहिलेल्या असतात. त्यांच्यातली नाती लिहिलेली नसतात. आणि त्याहून घातक म्हणजे, काय माहीत नाही हेही कुठे लिहिलेलं नसतं. ऑन्टॉलॉजी नावाचं जे तंत्र आहे, त्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हा दुसरा आहे.

समोर बँकांमधली बरीच मंडळी दिसतायत, म्हणून तुमच्याच भाषेत बोलतो. बीसीपी, म्हणजे बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन, तुमच्याकडे असतो. आयएसओ २२३०१ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, २०१२ मध्ये आलं, २०१९ मध्ये सुधारलं. त्याच्या चौकटीत काम करायचं तर आधी बीआयए करायचा, म्हणजे कुठलं काम किती वेळ बंद राहिलं तर किती नुकसान होतं याचा अभ्यास. त्यातून आरटीओ ठरतो, किती वेळात काम परत सुरू करायचं. आणि आरपीओ ठरतो, किती वेळाचा डेटा गमावणं परवडेल. हे सगळं प्रत्येक विभाग आपापल्या एक्सेल शीटमध्ये भरतो. आयटी लिहितं ‘सीबीएस ॲप्लिकेशन सर्व्हर’, सीबीएस म्हणजे खाती सांभाळणारी कोअर बँकिंग यंत्रणा. शाखा लिहिते ‘सिस्टीम’. हिशेब विभाग लिहितो ‘फिनॅकल’ किंवा जे काही सॉफ्टवेअर असेल ते. तीन नावं, वस्तू बहुधा एकच, पण ‘बहुधा’. शीट गोळा होतात, त्यांची एक जाड फाइल होते, संचालक मंडळ मंजूर करतं, वर्षातून एकदोनदा डीआर ड्रिल होतं, म्हणजे आपत्तीत पर्यायी केंद्रावरून, डीआर साइटवरून, काम चालवायची तालीम. ऑडिटर येऊन विचारतो: आराखडा आहे का? मंजूर आहे का? ड्रिल झालं का? तीनही ठिकाणी बरोबरची खूण.

आता त्या फाइलला एक साधा प्रश्न विचारा. ‘आपल्या मुख्य कार्यालयासमोरचा रस्ता खणला तर ग्राहकांची कुठली सेवा थांबेल?’ फाइल उत्तर देऊ शकत नाही. माहिती तिच्यात असेलही, थोडी या शीटमध्ये, थोडी त्या कंत्राटात, बरीचशी आयटीतल्या एका जुन्या माणसाच्या डोक्यात. पण प्रश्न विचारता येईल अशा रूपात ती नाही.

ऑन्टॉलॉजी हे ते रूप आहे. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या या क्षेत्रात सगळीकडे दिली जाते. तिचा आशय असा, की एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या संकल्पनांमधून पाहतो त्यांची उघड, स्पष्ट मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. उघड म्हणजे डोक्यात नाही, आणि यंत्राला वाचता येईल अशी. त्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं ठरवलेली भाषा आहे, तिला आउल म्हणतात. पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २००९ ची. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं प्रोटेजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे सगळं करता येतं. सोबत रीझनर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तुम्ही दिलेल्या विधानांमधून तो नवी विधानं काढतो, किंवा तुमची दोन विधानं एकमेकांना छेदतायत हे दाखवतो.

विधानं कशी दिसतात ते जवळून पाहू. मी स्टॉक एक्स्चेंजसारखंच एक कल्पित उदाहरण घेतो. ‘लिंक-अ ही दूरसंचार लिंक आहे. लिंक-अ कंपनी-१ पुरवते. लिंक-ब कंपनी-२ पुरवते. लिंक-अ मार्ग-क वरून जाते. मार्ग-क हा स्टेशन रोडचा भाग आहे.’ इतकी साधी, तीन तुकड्यांची वाक्यं. यावर नियम चढवायचे. उदाहरणार्थ: एखादी वस्तू ज्या मार्गावरून जाते, तो मार्ग ज्या जागेचा भाग, त्या जागेवर ती वस्तू अवलंबून. हा नियम एकदा दिला की लिंक-अ स्टेशन रोडवर अवलंबून आहे हे रीझनर स्वतः काढतो. असं लाखभर विधानांवर तो न कंटाळता करतो. माणूस तिसऱ्या पायरीला थकतो.

इथे नवशिके एक घोळ करतात, तो सांगायला हवा. सगळे जण ‘अवलंबून आहे’ हा एकच बाण काढत सुटतात. सेवा सर्व्हरवर अवलंबून, सर्व्हर लिंक-अ वर अवलंबून, सर्व्हर लिंक-ब वर अवलंबून. आता यंत्राच्या दृष्टीनं काय झालं? दोन लिंक घेतल्यामुळे धोका दुप्पट झाला, कारण दोन गोष्टींवर अवलंबून राहणं आलं. आपल्याला म्हणायचं होतं नेमकं उलट, की दोन्हींपैकी एक चालू असली तरी पुरे. म्हणून पर्यायांचा गट ही स्वतंत्र वस्तू म्हणून मांडावी लागते. ‘लिंक-संच-१. याचे सदस्य लिंक-अ आणि लिंक-ब. काम चालायला किमान एक हवी.’ सर्व्हर अवलंबून आहे तो संचावर. हे केलं की मग खरा प्रश्न विचारता येतो. असे सगळे संच दाखव, ज्यांचे सदस्य एखाद्या तिसऱ्याच गोष्टीवर मिळून अवलंबून आहेत. एकच रस्ता, एकच इमारत, एकच वीज उपकेंद्र, एकच माणूस. सातत्याच्या मूल्यमापनात मला एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली तर मी हा विचारीन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा लिंक-ब कुठल्या मार्गानं जाते हे कुणीच लिहिलेलं नाही. कंपनीनं सांगितलं नाही, आपण विचारलं नाही. मी यंत्राला विचारतो, ‘या दोन लिंकमध्ये सामाईक मार्ग आहे का?’ एक्सेल असेल तर तो रकाना रिकामा, म्हणून उत्तर ‘नाही’. नेहमीचा डेटाबेस असेल तरी तेच, कारण नोंद नाही म्हणजे वस्तू नाही असं तो धरून चालतो. रेल्वेच्या आरक्षणाला हे ठीक आहे. यादीत नाव नाही म्हणजे जागा नाही. पण संकटाच्या नियोजनात हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. आउल असं गृहीत धरत नाही. जे सांगितलेलं नाही ते खोटं, असं ती म्हणत नाही. ते अजून ठाऊक नाही, इतकंच म्हणते. ‘दोन्ही लिंक वेगळ्या मार्गानं जातात हे सिद्ध करून दाखव’ असं मी म्हटलं, तर रीझनर म्हणतो, सिद्ध होत नाही. सामाईक मार्ग आहे असंही तो म्हणत नाही. तो फक्त आपल्याला खोटा दिलासा देत नाही.

आणखी एक. दोन नावं म्हणजे दोन वस्तू, असंही आउल धरत नाही. आयटी म्हणतं लिंक ‘स्टेशन रोड डक्ट’मधून जाते, इस्टेट विभाग म्हणतो ती ‘पूर्वेकडच्या केबल चरा’तून जाते. एका लिंकचा मार्ग एकच असतो असा नियम तुम्ही दिलेला असेल, तर रीझनर निष्कर्ष काढतो की ही एकाच मार्गाची दोन नावं आहेत. ते मार्ग वेगळे असतील तर तुम्ही तसं स्पष्ट सांगा, मग तो विसंगती दाखवेल. प्रोग्रॅमिंग शिकलेल्या मुलांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पटत नाही. मला विचाराल तर सातत्याच्या कामासाठी आउल निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. वेगळेपण गृहीत धरायचं नाही, सिद्ध करायचं.

अर्थात फक्त ‘ठाऊक नाही’ म्हणून थांबता येत नाही. कुठली माहिती असायलाच हवी हेही तपासायला हवं. त्यासाठी शॅकल नावाचं दुसरं मानक आहे, २०१७ चं. त्यात अटी लिहायच्या: प्रत्येक लिंकला मार्गाची नोंद हवी, प्रत्येक मार्गाची नोंद कुणी, कधी तपासली हे हवं, प्रत्येक सेवेला आरटीओ हवा. जिथे अट पुरी होत नाही, तिची यादी निघते. ही रिकाम्या जागांची यादी म्हणजे माझ्या मते मूल्यमापनाचा खरा निकाल. ‘आमची सातत्य-परिपक्वता पाचपैकी ३.६’ असले आकडे मी पाहिलेत. त्या आकड्याचं सोमवारी सकाळी कुणी काय करायचं? ‘लिंक-ब चा मार्ग अज्ञात, जबाबदारी अमुक, कंत्राटाचं नूतनीकरण अमुक महिन्यात’ या ओळीचं काय करायचं हे शिपायालाही कळतं.

जागा या गोष्टीकडे आराखड्यांत फार दुर्लक्ष होतं, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये शिरलं. तिथे ७५ ब्रॉड स्ट्रीट नावाच्या इमारतीत पीअर वन या कंपनीचं डेटा सेंटर होतं. जनरेटर वर, पाण्यापासून सुरक्षित. पण त्याला डिझेल चढवणारा पंप होता तळघरात, आणि तळघर बुडालं. मग कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांच्या लोकांनी रांग करून, अंधाऱ्या जिन्यानं, डिझेलचे डबे हातोहात सतरा मजले चढवले आणि सेंटर चालू ठेवलं. त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण बघा, ‘जनरेटर कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न एका पायरीनं अपुरा होता. ‘जनरेटर ज्यावर अवलंबून आहे त्यातलं काय पूररेषेच्या खाली आहे?’ हा प्रश्न हवा होता, आणि तो विचारायचा तर पंप ही वस्तू, तळघर ही जागा आणि त्यांच्यातलं नातं आधी लिहिलेलं हवं.

आपल्याकडचं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली भागातल्या एका बँकेतल्या अधिकाऱ्यांशी माझं बोलणं झालं. बँकेचं नाव महत्त्वाचं नाही. त्यांची एक शाखा पाण्याच्या बाहेर होती, वीज होती, जनरेटर होता, नेटवर्कही चालू होतं. लोकांना रोख पैशांची निकड होती. तरी स्ट्राँग रूम उघडता येईना. तिजोरी जॉइंट कस्टडीत असते, दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या लागल्याशिवाय ती उघडत नाही, आणि तसंच असायला हवं. दोन्ही चावीवाले राहायला सांगलीवाडीत, कृष्णेच्या पलीकडे. सांगलीवाडीला पाण्याचा वेढा. बँकेच्या नियमांत दोन वेगळी माणसं होती. ती दोन माणसं एकाच पुलापलीकडे राहतात हे कुठल्याही शीटमध्ये नव्हतं, कारण राहण्याची जागा एचआरच्या फाइलमध्ये, चाव्यांचं रजिस्टर शाखेत आणि बीसीपी मुख्य कार्यालयात. साहेब मला म्हणाले, ‘सर, पर्यायी चावीवाल्यांची नावंही होती आमच्याकडे. त्यांतला एक बदली होऊन गेला होता.’

या एका वाक्यात ऑन्टॉलॉजीवाल्यांचा एक जुना धडा आहे: माणूस आणि त्याची भूमिका वेगळ्या मांडा. ‘चावीधारक’ ही भूमिका. ती आज अमक्याकडे आहे, उद्या तमक्याकडे जाईल. आराखड्यात थेट माणसाचं नाव लिहिलं की बदलीच्या दिवशी आराखडा जुना होतो आणि कुणाला कळतही नाही. भूमिका मांडली, आणि ‘प्रत्येक भूमिकेला आज नेमलेला माणूस हवा’ अशी अट ठेवली, की बदलीच्या दुसऱ्या दिवशी रिकामी जागा यादीत येते. याची उलट बाजूही दिसते. संकट-व्यवस्थापन समितीचा प्रमुख, डीआर साइटवर जायची परवानगी देणारा आणि माध्यमांशी बोलणारा या तीन भूमिका, तीन वेगळ्या कागदांत, एकाच माणसाकडे. त्या दिवशी तो माणूस तापानं झोपलेला असेल तर तीन आराखडे एकदम झोपतात. वस्तू, भूमिका, प्रक्रिया, घटना, जागा हे मूलभूत भेद आयते देणाऱ्या वरच्या थराच्या ऑन्टॉलॉजीही आहेत. बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी ही त्यांतली एक, २०२१ मध्ये तिला आयएसओचं मानक म्हणून स्थान मिळालं. पण सुरुवात करणाऱ्यानं त्यात फार अडकू नये.

आता नियामकांकडे वळू. स्टॉक एक्स्चेंजच्या त्या घटनेनंतर सेबीनं पहिला खुलासा मागितला तो हा, की व्यवहार डीआर साइटवर का हलवले गेले नाहीत. मग २२ मार्च २०२१ ला परिपत्रक काढलं. त्यात क्रिटिकल सिस्टीम म्हणजे काय हे नावानिशी सांगितलं: ट्रेडिंग, जोखीम व्यवस्थापन, तारण व्यवस्थापन, क्लिअरिंग आणि सेटलमेंट, निर्देशांकाची आकडेमोड. यांतलं काहीही बिघडलं तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची. तिथून ४५ मिनिटांत डीआर साइटवरून काम सुरू व्हायला हवं. आरपीओ १५ मिनिटं. डीआर साइट शक्यतो वेगळ्या भूकंप-क्षेत्रात, नाहीतर किमान ५०० किलोमीटरवर. मी हे परिपत्रक वाचलं तेव्हा मला वाटलं, अर्धी ऑन्टॉलॉजी तर सेबीनंच लिहून दिलीय. वर्ग आहेत, नाती आहेत, मर्यादा आहेत. ‘जोखीम यंत्रणा क्रिटिकल आहे’ हे एकदा विधान म्हणून आलं की ती ज्या स्टोरेजवर उभी, ते स्टोरेज ज्या लिंकच्या भरवशावर, त्या सगळ्यांना ते क्रिटिकलपण आपोआप लागू पडतं. कुणी मीटिंग घेऊन ठरवायची गरज उरत नाही.

आणि वेळांचा हिशेब. सेवेचा आरटीओ ४५ मिनिटं, पण ती ज्या डेटाबेसवर चालते त्याच्या देखभालीच्या कंत्राटात पुरवठादाराला चार तास दिलेत. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर सह्या, दोन वेगळ्या कपाटांत. साखळीत खालच्या वस्तूला वरच्या सेवेपेक्षा जास्त वेळ दिलेला आहे अशा जोड्या शोधणं ही एक छोटी स्पार्कल क्वेरी आहे, म्हणजे अशा विधानांना प्रश्न विचारायच्या भाषेतला एक प्रश्न. पहिल्यांदा चालवली की निकाल बघून सगळे गप्प होतात.

इथे प्रामाणिकपणे मर्यादाही सांगतो, कारण हे तंत्र विकायला आलेली माणसं त्या सांगत नाहीत. आउलला बेरीज-वजाबाकी येत नाही. वेळा जोडायच्या, तुलना करायची, तर ते बाहेर क्वेरीत किंवा नियमांत करावं लागतं. दुसरं, ‘अवलंबून आहे’ हे नातं पुढे पुढे जाणारं आहे असं एकदा सांगितलं की तेच नातं स्वतःकडे वळून येऊ नये अशी अट आउलमध्ये घालता येत नाही, कारण तसं केलं तर रीझनरला उत्तर नक्की मिळेलच याची खात्री राहत नाही. म्हणून वर्तुळं शोधायची तर तीही क्वेरीनंच.

आणि वर्तुळं शोधायलाच हवीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. नेहमीच्या देखभालीतल्या एका कमांडनं त्यांच्या सगळ्या डेटा सेंटरांमधलं अंतर्गत जाळं तुटलं. अशा कमांडला अडवणाऱ्या तपासणी-साधनातही दोष निघाला. डेटा सेंटरांशी संपर्क नाही म्हटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी, आपले पत्ते इंटरनेटवरून मागे घेतले. आता दुरुस्ती करायची तर इंजिनिअरांची आतली साधनं लागणार, आणि तीही त्याच डीएनएसवर चालणारी. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरांवर पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून यंत्रापर्यंत पोचायलाच वेळ गेला. दुरुस्ती ही पण एक प्रक्रिया आहे, तिलाही साधनं लागतात, हे आपल्या मांडणीत असायला हवं. आपल्याकडे नेहमी विचारायचा प्रश्न: आपत्तीच्या वेळी फोन कुणाला करायचा ती यादी कुठे ठेवलीय? शेअर्ड ड्राइव्हवर असेल, आणि ड्राइव्हच बंद असेल, तर हे छोटं वर्तुळ आपल्याच घरात आहे.

सहकारी बँकांना लागू पडेल अशी आणखी एक घटना. जुलै २०२४ च्या अखेरीला सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा-पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणारा हल्ला. यूपीआयसारख्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून त्या कंपनीला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून अलग केलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या, ग्राहकांचे व्यवहार तेवढा काळ अडकले. हल्ला बँकेवर नव्हता, शाखा नीट चालू होत्या, पण यूपीआय होईना. आणि रागावलेला ग्राहक शाखेत आला, सी-एजकडे गेला नाही. यातून मला दिसतं ते असं, की बँकेच्या ऑन्टॉलॉजीची हद्द बँकेच्या भिंतीपाशी संपून चालत नाही. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर निदान ‘ठाऊक नाही’ अशी नोंद हवी. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्यचालन जोखीम आणि लवचीकतेवर जी मार्गदर्शक टिपणी काढली, ती सहकारी बँकांनाही उद्देशून आहे, आणि तिच्यात आतल्या-बाहेरच्या परस्परावलंबनाचा नकाशा करण्यावर भर आहे. तो नकाशा तुम्ही पॉवरपॉइंटमध्येही काढू शकता. पण पॉवरपॉइंटला प्रश्न विचारता येत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका मॅडमनी विचारलं, की हे सगळं आम्ही, दहा-बारा शाखांच्या बँकेनं, कुठून सुरू करायचं? उत्तर देतो, कारण ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

वर्ग आणि नाती यांच्या याद्या करत बसू नका. टोरांटो विद्यापीठातल्या मायकल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रूढ केली, ती मला अजूनही सगळ्यात चांगली वाटते: आधी प्रश्न लिहा. ज्या प्रश्नांची उत्तरं ऑन्टॉलॉजीनं दिलीच पाहिजेत, ते साध्या मराठीत लिहा. आयटीवाल्यांनी नाही, शाखेतल्या लोकांनी. एकच सेवा घ्या, उदाहरणार्थ पेन्शनच्या दिवशी रोख देणं. मग प्रश्न: वीज गेली तर किती तास चालेल? डिझेल कोण आणतं, कुठल्या पंपावरून? तिजोरीच्या दोन्ही चावीवाल्यांमध्ये काय सामाईक आहे? रोख घेऊन येणारी गाडी कुठल्या पुलावरून येते? सीबीएस बंद असेल तर खात्यातली शिल्लक कशी बघणार, आणि आदल्या दिवशीच्या शिलकांची यादी कुठल्या यंत्रावर छापणार? असे पंधरा-वीस प्रश्न निघाले की त्यांतली नामं म्हणजे तुमचे वर्ग आणि क्रियापदं म्हणजे तुमची नाती. मग प्रोटेजे उघडा. त्याआधी नाही.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तो अधिक अवघड होता: हे अद्ययावत कोण ठेवणार? मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प इथेच मरतात. सल्लागार येतो, सुंदर मॉडेल करून देतो, सहा महिन्यांत ते खोटं होतं. खोटं मॉडेल हे मॉडेल नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसलेला असतो. म्हणून मॉडेल राखायचं वेगळं काम कुणाला देऊ नका, ते चालू कामाला बांधा. बदलीचा आदेश निघतो, तेव्हा एचआरच्या फॉर्मवर ‘या व्यक्तीकडच्या सातत्य-भूमिका’ ही ओळ भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये. नवी लिंक घेताना खरेदी विभागानं मार्गाचा नकाशा मागावा. पुरवठादार बहुतेक वेळा टाळाटाळ करतो, गोपनीयतेचं कारण देतो. मग निदान दुसऱ्या लिंकशी मार्ग सामाईक नाही असं लेखी घ्यावं, आणि दर नूतनीकरणाला पुन्हा घ्यावं. मघाशी मार्गाच्या नोंदीबद्दल सांगितलं, तसं प्रत्येक विधानाशेजारी ते कुणी, कधी तपासलं ही नोंद हवी. वर्षापेक्षा जुनी तारीख असलेलं विधान ‘ठाऊक नाही’च्या यादीत परत टाका, मग ते कितीही खात्रीचं वाटो. रस्ते खणले जातात, केबल हलवल्या जातात, आणि त्याचं पत्र आपल्याला येत नाही.

आणि ही यादी संचालक मंडळापुढे जाऊ द्या, जशी आहे तशी, रंग-बिंग न लावता. पहिल्या खेपेला ती लांबलचक असेल. आयटी प्रमुखांना संकोच वाटेल, की एवढं माहीत नाही असं लेखी कसं द्यायचं. त्यांच्या पाठीशी उभं राहणं हे अध्यक्षांचं काम आहे, कारण ज्या विभागाची यादी कोरी आली त्यांनी बहुधा पाहिलेलंच नसतं. ज्यांनी चाळीस अज्ञात ओळी लिहून दिल्या, त्यांनी रात्री थांबून केबलचे चर तपासलेत, कंत्राटं वाचलीत, चावीवाल्यांचे पत्ते काढलेत. त्यांच्या यादीतली पहिली ओळ घ्या आणि ती बुजवायला किती पैसे लागतील हे त्याच बैठकीत विचारा.